बडी हॉली : विमान जरा बाजूला ठेवून

माळरान | २ फेब्रुवारी, रात्री १०:१५

दर वर्षी हे दोन दिवस आले की तोच फोटो फिरायला लागतो. बर्फाने झाकलेलं शेत, तारेचं कुंपण आणि कुंपणाला अडकलेला विमानाचा चोळामोळा. खाली ‘संगीत मेलं तो दिवस’ वगैरे. अमेरिकेतला रॉक अँड रोल गायक बडी हॉली ३ फेब्रुवारी १९५९ ला याच विमानात गेला. यंदा आमच्या जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर आला आणि एकाने सरळ विचारलं, "हा माणूस तसा मेला नसता तर कुणाला आठवला असता का?" उत्तर लिहायला घेतलं, ते लांबलं, म्हणून इथे आणून टाकतोय. धाग्याचा नियम एकच. पहिले दहा प्रतिसाद तरी विमानाचा विषय काढायचा नाही.

चार्ल्स हार्डिन हॉली. जन्म ७ सप्टेंबर १९३६, गाव लबक, टेक्सास. सपाट मुलूख, कापसाची शेतं, धुळीची वादळं. चार भावंडांत धाकटा, म्हणून घरात ‘बडी’. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये मुळात एक ‘ई’ जास्त होता. पहिल्या रेकॉर्ड कंपनीच्या करारात तो गळला आणि यानेही तो परत मागितला नाही.

घरात सगळे गाणारे-वाजवणारे. शाळेत असताना बॉब माँटगोमेरीबरोबर ‘बडी अँड बॉब’ अशी जोडी जमवून गावच्या रेडिओवर कंट्री, म्हणजे तिकडचं गावाकडचं संगीत, गायचा. १९५५ साली एल्व्हिस लबकला आला. त्याच्या कार्यक्रमात आधी वाजवायची संधी या पोरांना मिळाली आणि तिथून कंट्री मागे पडलं.

१९५६ मध्ये डेक्का कंपनीने नॅशव्हिलला बोलावलं. तिथला कारभार ठरलेला, निर्माता ठरलेला, घड्याळ लावून काम. ‘दॅट्'ल बी द डे’ त्याने पहिल्यांदा तिथे गायलं. जॉन वेनच्या ‘द सर्चर्स’ सिनेमात हे वाक्य तो सारखं फेकतो, तिथून उचललेलं. नॅशव्हिलची ती आवृत्ती मिळाली तर जरूर ऐका. पट्टी इतकी वरची की बिचारा ओरडतोय असं वाटतं. कंपनीने गाणं डब्यात ठेवलं आणि १९५७ उजाडताच बडीलाही नारळ दिला.

आता गंमत बघा. लबकहून शंभरेक मैलांवर, न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिस गावात नॉर्मन पेटीचा स्टुडिओ होता. पेटी तासावर पैसे घ्यायचा नाही, गाण्यावर घ्यायचा. मला विचाराल तर बडी हॉली नावाची जी काही चीज आहे ती या एका दरपत्रकातून निघाली. तासाचं मीटर बंद, म्हणजे रात्रभर घासा, चुका, परत करा. २५ फेब्रुवारी १९५७ ला तेच गाणं खालच्या पट्टीत, मजेत, स्वतःच्या पोरांबरोबर पुन्हा ध्वनिमुद्रित झालं. पण डेक्काच्या करारात कलम होतं : तिथे गायलेली गाणी पाच वर्षं दुसरीकडे गायची नाहीत. मग स्वतःचं नाव लपवायला वाद्यवृंदाचं नाव शोधायला बसले. ड्रमर जेरी अ‍ॅलिसन सांगायचा की ज्ञानकोशात किड्यांचं पान उघडलं, ‘बीटल्स’वर थोडा वेळ विचार केला, तो बाद केला आणि ‘क्रिकेट्स’, म्हणजे रातकिडे, पक्कं झालं.

रेकॉर्ड काढली ब्रन्सविकने. ब्रन्सविक कुणाची? डेक्काचीच उपकंपनी. पुढच्या दाराने हाकलला आणि मागच्या दाराने पायघड्या! सप्टेंबर १९५७ मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. बडी तेव्हा नुकताच एकवीस वर्षांचा झाला होता.

तिथून पुढे त्याच्या हातात सतरा महिने होते. त्या सतरा महिन्यांबद्दल बोलू या का?

---

तिरकिट | २ फेब्रुवारी, रात्री ११:०२

बोलू या की. मी तबल्याचा माणूस, रॉकमधलं फारसं कळत नाही, पण ‘पेगी स्यू’ मला एका शिष्याने ऐकवलं आणि मी तीनदा परत लावायला लावलं. अख्खं गाणं एका ड्रमवादनावर उभं आहे. त्या प्रकाराला पॅराडिडल म्हणतात. हाताचा क्रम असा : उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. आपल्या भाषेत मांडायचं तर

धा ती धा धा | ती धा ती ती

म्हणजे एका आवर्तनात हात आपोआप बदलतो. आपल्याकडे हा पलटा विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी घोटायला देतील. अ‍ॅलिसनने तो पलटा हेच गाणं केलं! ठेका म्हणून मागे धरला नाही, पुढे आणून बसवला. तोसुद्धा ड्रमखालच्या तारा सोडून, म्हणजे झणझण गेली आणि नुसता घुमारा उरला.

आवाज मध्येच जवळ येतो, मध्येच लांब जातो, हे कसं केलं असावं?

---

माळरान | २ फेब्रुवारी, रात्री ११:२०

तिरकिट, वा! हाच प्रतिसाद हवा होता.

ड्रम इतके कर्कश वाजत होते की अ‍ॅलिसनला उचलून स्टुडिओबाहेरच्या स्वागतकक्षात बसवला होता. पेटीकडे वेगळी प्रतिध्वनी-खोली होती. गाणं चालू असताना ड्रमचा आवाज तो त्या खोलीतून सोडायचा, काढायचा, परत सोडायचा. एका हाताने बटण दाबत. ते जवळ-लांब म्हणजे तेच.

आणि गिटारकडे लक्ष द्या. जवळजवळ सगळे फटकारे खालच्या दिशेने, त्या वेगात. मधला तुकडा येतो तेव्हा आवाजाचा बाज बदलायला स्ट्रॅटोकास्टर या त्याच्या इलेक्ट्रिक गिटारवरचा खटका हलवायचा होता, पण बडीचा हात मोकळा होईना. म्हणून दुसरा गिटारवाला निकी सलिव्हन गुडघ्यावर बसून नेमक्या क्षणी त्याच्या गिटारचा खटका पाडायचा. त्या गाण्यात निकीचं काम तेवढंच!

गाण्याचं नाव आधी ‘सिंडी लू’ होतं, बडीच्या भाचीवरून. अ‍ॅलिसनने स्वतःच्या मैत्रिणीचं नाव घालायला लावलं. पुढे लग्नही केलं तिच्याशी, आणि घटस्फोटही.

---

खाष्टसासू | ३ फेब्रुवारी, सकाळी ७:४८

सकाळी सकाळी विरजण घालते, राग मानू नका. चक बेरी, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो, बो डिडली हे सगळे काळे रॉकवाले याच्या आधीचे. त्यांच्याही आधी गिटार गळ्यात अडकवून सिस्टर रोझेटा थार्प उभी होती. ‘नॉट फेड अवे’चा ठेका तर शंभर टक्के बो डिडलीचा. मग दर फेब्रुवारीत गळे काढायचे ते या चष्मेवाल्या गोऱ्या पोरासाठीच का?

---

माळरान | ३ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

राग कसला, अर्धं मान्यच आहे. ठेका बो डिडलीचाच. (वाजवला मात्र पुठ्ठ्याच्या खोक्यावर.) पण बडीने हे कधी लपवलं नाही. क्लोव्हिसमध्ये त्याने ‘बो डिडली’ हे गाणं त्याच नावाने गायलं, चक बेरीचंही एक गायलं. मरणाआधीच्या घरगुती फितींमध्ये लिटल रिचर्डचं गाणं आहे. १९५७ च्या शरद ऋतूत चक बेरी, फॅट्स डॉमिनो यांच्याबरोबर एकाच दौऱ्यात तो हिंडला. दक्षिणेतल्या काही गावांत कायद्याने काळे-गोरे एका रंगमंचावर चालत नसत, तिथे गोऱ्या मंडळींना दौऱ्यातून तात्पुरतं बाहेर राहावं लागलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये अपोलो थिएटरला हे रातकिडे वाजवून आले, समोर काळा श्रोतृवर्ग.

त्याने नवं काय केलं? मला दोन गोष्टी दिसतात. स्वतःची गाणी स्वतः रचून, दोन गिटार-बास-ड्रम एवढ्या चार पोरांत ती उभी करायची, हा साचा. आज कॉलेजच्या गॅदरिंगला चार मुलं उभी राहतात ती याच साच्यात. दुसरं, स्टुडिओ हेच वाद्य समजणं. ‘वर्ड्स ऑफ लव्ह’मध्ये तो स्वतःच्याच आवाजावर स्वतः साथ गातो. ही युक्ती गिटारवादक लेस पॉलने आधी केली होती, पण वीस वर्षांच्या पोराने आपल्या गाण्यासाठी ती इतकी हळुवार वापरली, हे मला मोठं वाटतं.

आणि तो गळा. एका अक्षराचे सहा तुकडे, मध्येच उचकी, मध्येच लहान मुलासारखा लाडिक. ती उचकी पुढे अनेकांनी घेतली, पण उसनी वाटते.

---

जुनीकॅसेट | ३ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

अरे, ‘वर्ड्स ऑफ लव्ह’ बडीचं? आमच्या डोंबिवलीच्या घरी मामाने जहाजावरून आणलेली बीटल्सची कॅसेट होती, तीत हे होतं. मी आजपर्यंत लेनन-मॅकार्टनीचंच समजत होते. चाळीस वर्षं! आता परत ऐकते.

---

माळरान | ३ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

ताई, तुमच्यासारखे खूप असतील. बडी आपल्याकडे आला तो दुसऱ्यांच्या आवाजात. १९५८ च्या मार्चमध्ये तो इंग्लंडमध्ये होता, लंडन पॅलेडियमचा कार्यक्रम टीव्हीवर दाखवला. तिकडे लिव्हरपूलला लेनन-मॅकार्टनी तो डोळे फाडून बघत होते. त्याच वर्षी त्या पोरांनी पदरचे पैसे घालून आयुष्यातली पहिली रेकॉर्ड कोरून घेतली. गाणं कोणतं? ‘दॅट्'ल बी द डे’. पुढे ‘बीटल्स’ हे किड्याचं नाव घेतलं तेही क्रिकेट्सना समोर ठेवूनच. ज्ञानकोशातून बाद झालेला किडा असा परत आला. मॅकार्टनीने तर पुढे बडीच्या गाण्यांचे हक्कच विकत घेतले. रोलिंग स्टोन्सने १९६४ मध्ये ‘नॉट फेड अवे’ गायलं.

चष्म्याचीही गोष्ट आहे. बडीची नजर इतकी अधू की तपासणीच्या तक्त्यावरचं सगळ्यात वरचं अक्षरही चष्म्याशिवाय दिसत नसे. आधी बारीक फ्रेम घालायचा. लबकच्या डोळ्यांच्या डॉक्टरने मेक्सिकोहून जाड काळ्या फ्रेमा आणल्या, ‘लपवण्यापेक्षा मिरव’ म्हणून. तोवर चष्मा लपवत फिरणाऱ्या लेननला त्याने केवढा धीर आला!

अवांतर : इंग्लिश गायक क्लिफ रिचर्डचा गिटारवाला हँक मार्विन. त्याचाही तसाच काळा चष्मा, आणि तशीच गिटार क्लिफने त्याला १९५९ मध्ये अमेरिकेहून मागवून दिली. क्लिफचा जन्म लखनऊचा. एवढाच काय तो आपला धागा.

---

उडाणटप्पू | ३ फेब्रुवारी, दुपारी १:०५

दहा प्रतिसादांचा नियम मोडतोय, शिक्षा मान्य. विमान देखभालीत सत्तावीस वर्षं काढली, गप्प बसवत नाही. फेसबुकवर चालतं की विमानाचं नाव ‘अमेरिकन पाय’ होतं. साफ खोटं. ते गायक डॉन मॅक्लीनच्या १९७१ च्या, ‘संगीत मेलं तो दिवस’ म्हणणाऱ्या गाण्याचं नाव, विमानाला काही नाव नव्हतं. बीचक्राफ्ट बोनान्झा, १९४७ ची बनावट, चार माणसांचं. वैमानिक रॉजर पीटरसन, वय एकवीस.

रात्री एकच्या सुमारास आयोवा राज्यातल्या मेसन सिटीहून उड्डाण. खाली शेतं, ढग, बर्फ, दिवा नाही. अशा अंधारात क्षितिज दिसत नाही आणि कानातला तोल माणसाला फसवतो. विमान वळत खाली चाललंय आणि तुम्हाला वाटतं सरळ जातोय. अशा वेळी समोरच्या यंत्रावर विश्वास ठेवायचा असतो. पण पीटरसनकडे यंत्रांवर उडण्याचा परवाना नव्हता. त्यात या विमानातलं स्पेरी कंपनीचं यंत्र, नाक वर आहे की खाली हे नेहमीच्या यंत्राच्या उलट दाखवायचं. चढतोय असं समजून तो उतरत राहिला असण्याची शक्यता चौकशी अहवालाने मांडली आहे. शिवाय हवामानाचे महत्त्वाचे इशारे त्याच्यापर्यंत पोचलेच नव्हते. पाच-सहा मैलांवर उजवा पंख आधी टेकला. ताशी १७० मैल.

दुसरी वावडी पिस्तुलाची. बडीचं पिस्तूल नंतर शेतात सापडलं, मग ‘विमानात गोळी सुटली’ अशी गोष्ट रंगली. २००७ मध्ये त्याच विमानात गेलेल्या बिग बॉपर या गायकाच्या मुलाने वडिलांचे अवशेष काढून तपासून घेतले. घातपाताची एकही खूण नाही.

---

माळरान | ३ फेब्रुवारी, दुपारी २:१०

उडाणटप्पू, माहिती एक नंबर, पण मेलो! आता कोण पॅराडिडलबद्दल बोलणार?

बरं, फुटलंच आहे भांडं तर तो विमानात का बसला तेही लिहितो.

ऑगस्ट १९५८ मध्ये त्याने मारिया एलेना सँटियागोशी लग्न केलं. ती न्यूयॉर्कमधल्या संगीत प्रकाशकाच्या ऑफिसात स्वागतिका. पहिल्याच भेटीत जेवताना मागणी घातली. घर थाटलं न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये. ऑक्टोबरमध्ये अठरा जणांचा तंतुवाद्यांसह ताफा घेऊन ‘ट्रू लव्ह वेज’सारखी गाणी केली. पठ्ठ्या कुठे निघाला होता याचा अंदाज त्यातून येतो. वर्षअखेरीस पेटीशी फाटलं. पैसा पेटीच्या ताब्यात अडकला, क्रिकेट्स पेटीकडेच राहिले. (श्रेयाचंही तेच. ‘पेगी स्यू’ पहिल्यांदा निघालं तेव्हा रचनाकार म्हणून अ‍ॅलिसन आणि पेटी, बडीचं नावच नाही. ते नंतर अ‍ॅलिसनने घालायला लावलं.) बायको गरोदर, खिसा रिकामा, समोर ‘विंटर डान्स पार्टी’ नावाचा दौरा. चोवीस दिवसांत चोवीस गावं, भर थंडीत, नकाशावर उलटसुलट.

बसचा हीटर बंद पडायचा. बसमध्येच ड्रमर कार्ल बंचच्या पायांना हिमदंश झाला, त्याला रुग्णालयात टाकून पुढे निघाले. आयोवातल्या क्लियर लेक गावी पोचेपर्यंत सगळे आजारी, कपडे घाणेरडे. बडी म्हणाला, विमान करू, लवकर पोचू, कपडे धुऊ, झोपू. माणशी ३६ डॉलर. कपडे धुवायला!

---

आयोवाकर | ३ फेब्रुवारी, रात्री ८:५५ (इथे सकाळ आहे)

मी डे मॉइनजवळ राहतो, क्लियर लेक गाडीने दोन तासांवर. ऑगस्टच्या शेवटी आईबाबा आले होते तेव्हा गेलो होतो.

बडीचा शेवटचा कार्यक्रम झाला ती सर्फ बॉलरूम अजून तशीच आहे. आयोवाच्या उत्तरेला, समुद्र हजार मैल दूर, आणि आत माडांची चित्रं, छतावर ढग. जणू समुद्रकिनारी नाचतोय. बाबा म्हणाले, "गडकरी रंगायतनापेक्षा खुर्च्या कमी, जागा जास्त."

अपघाताची जागा मात्र आडबाजूला. रस्त्याच्या कडेला माणसाहून उंच लोखंडी चष्मा, बास, तीच पाटी. तिथे गाडी लावून कुंपणाच्या कडेने शेतात चालत जायचं, अर्ध्या मैलाच्या आत. मका डोक्याच्या वर होता, पानं हाताला कापत होती. आईने पदर डोक्यावर घेतला होता. शेवटी स्टीलची एक छोटी गिटार आणि तीन तबकड्या, बाजूला वैमानिकासाठी पंखांचं वेगळं स्मारक. पायथ्याशी लोकांनी ठेवलेले चष्मे, नाणी, गिटार वाजवायच्या नखी. खरे, वापरलेले चष्मे. आईने विचारलं, "यांना परत जाताना दिसतं कसं?"

नाणी का ते मला तिथे कळलं नाही, नंतर वाचलं.

---

जुनीकॅसेट | ३ फेब्रुवारी, रात्री ९:२०

नाणी का?

---

आयोवाकर | ३ फेब्रुवारी, रात्री ९:३१

छापा-काटा, ताई. विमानात वैमानिक सोडून तीनच जागा होत्या. एक बडीची. दुसरी त्याच्या बासवाल्याची, वेलन जेनिंग्जची. बिग बॉपरला ताप होता, म्हणून वेलनने त्याला दिली. तिसरी गिटारवाल्या टॉमी ऑल्सपची. दौऱ्यातला सतरा वर्षांचा गायक रिची व्हॅलेन्स त्याच्या मागे लागला, शेवटी नाणं उडवलं, रिची छापा म्हणाला आणि जिंकला. ऑल्सपने पुढे डॅलसमध्ये पब काढला आणि नावातच तो छापा घातला.

वेलनची गोष्ट जास्त लागते. बडीने त्याला चिडवलं, तुमची बस गोठू दे. याने उलट चिडवलं, मग तुझं विमान पडू दे. हा वेलन पुढे कंट्री संगीतातला फार मोठा माणूस झाला, पण हे वाक्य त्याला जन्मभर सुटलं नाही.

---

खाष्टसासू | ३ फेब्रुवारी, रात्री ९:५०

आणि त्या मुलीचं काय? मारिया एलेनाचं?

---

माळरान | ३ फेब्रुवारी, रात्री १०:०५

तिला टीव्हीवरून कळलं. लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते. गर्भपात झाला. अंत्यविधीला ती गेली नाही.

ग्रीनिच व्हिलेजच्या त्या घरातल्या टेपरेकॉर्डरवर बडी एकटाच गिटार घेऊन गाणी मुद्रित करून ठेवायचा. डिसेंबर-जानेवारीतली ती नवी गाणी नंतर कंपनीने मागे वाद्यं आणि कोरस चिकटवून बाजारात आणली. ती नका ऐकू. मूळ फिती ऐका. ‘लर्निंग द गेम’मध्ये नुसता तो आणि गिटार, खोलीची पोकळी ऐकू येते. आवाज दबका आहे, शेजारी जागे होतील म्हणून गातोय असा. माझ्या ग्रुपवरच्या त्या मित्राला मी शेवटी काहीच लिहिलं नाही, हे एवढंच पाठवलं.

त्याचा चष्मा बर्फ वितळल्यावर शेतात सापडला होता. शेरीफच्या कचेरीत पाकिटात पडून राहिला, १९८० मध्ये कुणाच्या तरी हाती लागला. काचा नसलेली फ्रेम. आता लबकच्या संग्रहालयात आहे. आणि थडग्यावर आडनाव कोरलंय ते गळलेल्या ‘ई’सकट.

---

तिरकिट | ४ फेब्रुवारी, सकाळी ६:४०

रात्री सगळं वाचलं आणि ‘एव्हरीडे’ ऐकलं. त्यात टिक-टिक काय वाजतंय ते कळेना, म्हणून शोधलं. अ‍ॅलिसन मांड्या थोपटतोय! ड्रम नाही, काही नाही. मांड्या, आणि वर नॉर्मन पेटीच्या बायकोने वाजवलेला चेलेस्टा, म्हणजे पियानोसारखं एक छोटं वाद्य, घुंगरासारखं किणकिण.

आता सकाळी मुलं क्लासला आली की तबल्यावर कापड घालणार आहे. मांडीवर सव्वादोन मिनिटं एक लय धरून दाखवा म्हणणार. सरकू न देता. मी आत्ता करून बघितलं, दीड मिनिटात वाढली.

---

जुनीकॅसेट | ४ फेब्रुवारी, सकाळी ७:१२

माझी एका मिनिटात. पण माझ्या मांडीवर मांजर होतं.